फोटोंची खालची कड

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचा कॅमेरा घरीच राहिला. दहावीनंतर हट्टानं घेतलेला आणि वर्षभरात कपाटात गेलेला. मी तो बाहेर काढला, तो खरं तर धास्तीनं. कुणीतरी सांगितलं होतं, की बडोद्याच्या पावसाळी हवेत बंद ठेवलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. खिडकीजवळ उजेडात धरून मी ती लेन्स कितीतरी वेळ न्याहाळली. बुरशी नव्हती. पण आता तो कॅमेरा परत कपाटात ठेवायचीही भीती वाटायला लागली.

माझा स्वभावच तसा. नवरा वाघोडियाच्या एका कारखान्यात नोकरीला. त्याला घरी यायला उशीर झाला, की मी रस्त्यावरचे सगळे अपघात मनातल्या मनात घडवून आणते. मुलीनं फोन उचलला नाही, की तिच्या मैत्रिणीला फोन, मग मैत्रिणीच्या आईला. शेवटी नवराच म्हणाला, "तू या कॅमेऱ्याचा क्लास लाव बघू. हात आणि डोकं, दोन्ही गुंतून राहतील."

क्लास रावपुऱ्यात, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, रविवारी सकाळी भरायचा. शिकवणारी बाई गुजराती, माझ्याहून पुष्कळ लहान. लग्नसराईत फोटोग्राफीची कामं घ्यायची आणि एरवी शिकवायची. तिला सगळे मॅडम म्हणायचे, म्हणून मीही मॅडमच म्हणायची. बाकीची मुलं कॉलेजातली. वयानं मोठी अशी आम्ही दोघंच, मी आणि एक काका.

काका सत्तरीच्या पुढचे. मराठी. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते बसायचेही तसेच, पाठ ताठ ठेवून. जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून काम केलेलं. यंत्रांची ड्रॉइंग काढायची, तीही आधी पेन्सिलीनं, मग शाईनं. बायको गेल्यावर दिवस खायला उठला म्हणून क्लासला आले. राहायला छाणीला, मुलगा आणि सुनेजवळ. तिथून आपली जुनी स्कूटर चालवत यायचे. मराठी ऐकल्यावर त्यांनी माझ्याशेजारची खुर्ची धरली ती धरलीच.

"ताई, तुम्हाला हे छिद्राचं प्रकरण कळलं का?" पहिल्या आठवड्यात त्यांनी हळूच विचारलं.

छिद्र म्हणजे लेन्सचं ॲपर्चर. आकडा मोठा तर छिद्र लहान, आकडा लहान तर छिद्र मोठं. मला कळलं नव्हतं. मला त्या वेळी सगळ्याचीच भीती वाटायची. लेन्स बदलताना आत धूळ जाईल. ट्रायपॉडचा पाय नीट आवळला गेला नसेल आणि कॅमेरा तोंडावर आपटेल. कार्ड पुसलं जाईल. काकांनी मात्र घरी जाऊन कागदावर लेन्सचं कापलेलं चित्र काढलं, बाण दाखवले, आणि पुढच्या रविवारी मला समजावून दिलं. समजलं. मॅडमनी ते चित्र मागून घेऊन भिंतीवर चिकटवलं.

दर आठवड्याला आम्ही काढलेले फोटो मॅडम प्रोजेक्टरनं भिंतीवर दाखवायच्या आणि सगळ्यांसमोर बोलायच्या. माझे फोटो हललेले असायचे. हात थरथरायचा, म्हणून मॅडमनी मला मोनोपॉड वापरायला लावला, एका पायाची काठी असते तशी. काकांचे फोटो बघण्यासारखे असायचे. न्यायमंदिराचे खांब उभे म्हणजे उभेच, सूरसागरच्या पाण्याची रेघ आडवी म्हणजे आडवीच. पण प्रत्येक फोटोत खालच्या कडेला काहीतरी घाण आलेली असायची. कुणाचीतरी चप्पल. प्लास्टिकची पिशवी. कुत्र्याची पाठ. एकदा तर खाली बसून भाजी विकणाऱ्या बाईचं नुसतं डोकं, काठावर ठेवलेल्या नारळासारखं.

"काका, आ नीचे शुं आवी गयुं?" मॅडम विचारायच्या.

काका भिंतीकडे बघायचे, मग नजर खाली आणायचे, आणि खरोखर चकित व्हायचे. "हे कुठून आलं? मी काढला तेव्हा नव्हतं हे."

पोरं हसायची. काकाही हसायचे. मॅडमनी सांगितलं, की स्वस्त कॅमेऱ्यांत डोळा लावायच्या खिडकीतून पूर्ण चौकट दिसत नाही, कडेचा थोडा भाग फोटोत जास्तीचा येतो. सगळ्यांचं समाधान झालं. माझंही झालं असतं. पण मग वरच्या कडेला का येत नाही काही? डाव्या-उजव्या बाजूला का नाही? आणि जन्मभर शाईनं रेघा ओढलेला माणूस कडेला डाग ठेवून कागद पुढे करील?

त्याच दिवशी क्लास सुटल्यावर मी त्यांच्या मागून जिना उतरत होते. जिना अरुंद आणि चढा. काकांनी कठड्याला हात लावला, बुटाचं टोक पुढं नेलं, पायरीची कड चाचपली, मग पाय टेकवला. पुन्हा टोक, पुन्हा कड. माझे वडील असेच उतरायचे.

वडील शिक्षक होते. त्यांना काचबिंदू होता आणि तो कुणाला कळला नव्हता. त्यांनाही नाही. मोतीबिंदूत धूसर दिसतं तसं यात नसतं. समोरचं अक्षर स्वच्छ दिसतं आणि कडेचं जग गुपचूप कमी होत जातं. ते दाराच्या उंबऱ्याला अडखळायचे, पाण्याचे तांबे लाथाडायचे, आणि आई म्हणायची, लक्ष कुठं असतं तुमचं? डॉक्टरांकडे नेलं तोवर उरलेलं फार थोडं होतं. शेवटची कित्येक वर्षं त्यांनी आमच्या आवाजांवर काढली.

मी काकांना विचारलं, "पायाला काही झालंय का?"

"छे छे. हा नवा चष्मा. वर लांबचं, खाली जवळचं. पायऱ्या हलतात त्यात. सवय होईल."

पटण्यासारखं होतं. मी घरी आले आणि आठवडाभर स्वतःला तेच पटवत राहिले. खिडकी लहान, चष्मा नवा. मी काय डॉक्टर आहे? माझ्या काळजीच्या स्वभावावर तर घरात रोज थट्टा होते. पण भाजी चिरतानासुद्धा डोळ्यांसमोर ती स्कूटर यायची. रावपुरा, फतेगंज, निझामपुरा, छाणी. एवढ्या रस्त्यावर खाली काय काय असतं! गतिरोधक, खड्डे, कुत्री, बसलेल्या गाई, रस्ता ओलांडणारी पोरं.

पुढच्या रविवारी मॅडम आम्हाला कमाटी बागेत घेऊन गेल्या. झाडांचे आणि सावल्यांचे फोटो काढायचे होते. मी काकांना म्हटलं, "माझा कॅमेरा वापरून बघता का आज? तुमच्या खिडकीतच खोट असेल तर कळेल तरी."

त्यांना कल्पना आवडली. आम्ही कॅमेरे बदलले. मी त्यांच्या कॅमेऱ्यानं वडाचा एक फोटो काढला, अगदी त्यांच्याच जागी उभं राहून. त्यांनी माझ्या कॅमेऱ्यानं काढला. मग बाकावर बसून मागच्या पडद्यावर दोन्ही बघितले. मी काढलेला वेडावाकडा होता, पण खाली स्वच्छ. त्यांनी काढलेल्या फोटोत झाड सुंदर, उजेड सुंदर, आणि खालच्या कडेला कुणीतरी फेकलेली वेफर्सची चांदीसारखी चकाकणारी पिशवी.

"बघा!" काका म्हणाले. "तुमच्याही कॅमेऱ्यात तीच खोट."

मला बोलायचं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण तेवढ्यात पोरं चहाला बोलवायला आली, काका उठले, आणि मी नुसती "हं" म्हणून गप्प बसले.

त्या दिवशी मी घराकडे वळलेच नाही. माझी ॲक्टिव्हा काकांच्या स्कूटरच्या मागं ठेवून निघाले. ते हळू चालवायचे, त्यामुळे मागं राहणं सोपं होतं. सिग्नलला ते बरोबर थांबत होते. लांबची बस बघून बाजूला होत होते. मी मनात म्हटलं, बघ, उगाच. निझामपुऱ्याच्या पुढं एका गतिरोधकावर त्यांची स्कूटर वेग कमी न होता उडाली. डोक्यावरचं हेल्मेट हललं. त्यांनी मान झटकली आणि तसेच पुढं गेले. मग छाणीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक वासरू बसलं होतं. तपकिरी, उन्हात अगदी ठळक दिसणारं. मला ते लांबून दिसलं. काका सरळ जात होते. मी हॉर्नवर अंगठा दाबून धरला, ओरडलेही असेन. वासरूच शेवटच्या क्षणी दचकून उठलं, आणि स्कूटरचं चाक त्याच्या शेपटीला घासून गेलं. काका थांबले नाहीत. त्यांना काही घडल्याचं कळलंच नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. वासरू पलीकडे जाऊन पुन्हा बसलं.

आठवडा कसा गेला, मलाच माहीत. त्यांचा फोन नंबर क्लासच्या ग्रुपवर होता. मी तो रोज काढायची आणि ठेवून द्यायची. त्यांच्या सुनेला सांगावं, असंही वाटलं, पण माझी तिची ओळख नाही, आणि त्यांच्या पाठीमागं त्यांच्या घरात शिरणं मला बरोबर वाटेना. नवऱ्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, "त्यांनाच सांग. सरळ."

रविवारी मी लवकर गेले. काका आधीच येऊन खालच्या दुकानाच्या ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. फोटोंची कड, जिना, गतिरोधक, वासरू. वडिलांचंही सांगितलं. बोलताना माझा आवाज कापत होता, त्यामुळे ते सगळं जरा खोटंच वाटलं असेल.

काकांचा चेहरा हळूहळू बंद होत गेला. "तुम्ही माझ्या मागं मागं आलात? छाणीपर्यंत?"

"काळजी वाटली म्हणून."

"मी वर्तमानपत्रातली बारीक अक्षरंही वाचतो, ताई."

"माझे वडीलही वाचायचे."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग झालं तर." ते उठले, स्कूटरला किक मारली आणि क्लासला न थांबताच निघून गेले. मी त्यांना अडवू शकले नाही. उलट माझ्यामुळे ते रागात स्कूटर चालवत गेले, या विचारानं वर जाऊन बसल्यावरही माझं कशात लक्ष लागेना. मॅडम त्या दिवशी फ्लॅश शिकवत होत्या. प्रत्येक लखलखाटाला मी दचकत होते.

पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपमधून त्यांचं नाव गेलं. मॅडमनी फोन केला तर कुणी उचलला नाही. माझ्या डोक्यात आता दोनच शक्यता उरल्या होत्या, एक रागाची आणि एक अपघाताची, आणि दिवसातून अनेकदा मी देवाजवळ रागाची मागत होते.

शेवटी मॅडमकडून पत्ता घेतला आणि एका सकाळी छाणीला गेले. फाटकाच्या आत ती स्कूटर उभी होती, जुन्या चादरीखाली झाकलेली. ती धड आहे की मोडलेली, ते चादरीमुळे कळेना. बेल वाजवायच्या आधी मी चादरीचं टोक उचलून पाहिलं. धड होती.

दार सुनेनं उघडलं. मी ओळख सांगितली. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली. मला वाटलं, आता दार लावते.

"या," ती म्हणाली. "बाबा मागच्या व्हरांड्यात आहेत. चहा ठेवते."

काका वेताच्या खुर्चीत बसले होते. पाठ ताठच. समोर स्टुलावर औषधाच्या थेंबांच्या दोन लहान बाटल्या. मला बघून ते उठले नाहीत, पण समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"तुम्हाला खोटं पाडायला गेलो होतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो आणि त्या बाईच्या हातात ठेवतो."



"एका पांढऱ्या कढईसारख्या यंत्रात तोंड घालायला लावतात. समोर एका ठिपक्याकडे बघायचं आणि कडेला कुठं दिवा चमकला की हातातलं बटन दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ दिवाच लागेना. मी त्या पोरीला म्हटलं, बेटा, मशीन बंद पडलं वाटतं." त्यांनी स्टुलावरच्या बाटल्या सरळ केल्या. "ती म्हणाली, नाही काका, दिवे लागतायत."

व्हरांड्यात सून चहा घेऊन आली आणि कप ठेवून दाराशीच उभी राहिली. काकांनी मला रिपोर्ट समजावला, पूर्वी लेन्सचं चित्र समजावलं होतं तसाच, बोटानं दाखवत. काचबिंदूच. दोन्ही डोळ्यांत खालची बाजू काळी. डाव्यात जास्त, उजव्यात कमी. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी राहील, नाही राहिलं तर ऑपरेशन.

"स्कूटरची किल्ली मीच दिली हिच्याकडे," ते म्हणाले. "कुणी मागितली नव्हती." मग कप उचलत, "तुमचा राग येतो अजून. खोटं कशाला बोलू? सकाळी उठलो की पहिला तुमचाच येतो. मग वासरू आठवतं. वासराच्या जागी पोर असतं तर?"

मला रडू आलं. काकांनी मला रडू दिलं आणि मग एकदम विचारलं, "तुमच्या वडिलांना होता म्हणालात. हे घराण्यात चालतं, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही कधी तपासून घेतलंत?"

वडिलांच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, सगळ्या मुलांनी दर वर्षी तपासा. मी एकदाही गेले नव्हते. नवऱ्याच्या रक्तदाबाची, मुलीच्या जेवणाची, काकांच्या स्कूटरची काळजी मी करत होते. या एका गोष्टीजवळ मी कधी फिरकलेच नव्हते. जे कळेल ते मला पेलणार नाही, असं वाटायचं.

"मंगळवारी मला परत बोलावलंय," काका म्हणाले. "तुम्ही या बरोबर. मी एकटा का घालू त्या कढईत तोंड?"

सून दारातून हसली. इतक्या दिवसांत घरात कुणी पहिल्यांदा हसलं असावं, असा तिचा चेहरा होता.

मंगळवारी मी गेले. काकांना छाणीहून माझ्याच ॲक्टिव्हावर मागं बसवून नेलं. ते मला कुठं धरायचं ते न कळून दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि प्रत्येक वळणावर म्हणत होते, "हळू. हळू हो." दवाखान्यात माझा नंबर लागला. आत अंधार होता. पांढऱ्या गोलात एक ठिपका, आणि मग कडेला बारीक चमक, मी दाबलं. पुन्हा चमक, दाबलं. मग काहीच नाही. मी वाट बघत राहिले. काहीच नाही. आत्ता माझेही दिवे लागत असतील आणि मला दिसत नसतील, असं वाटून मी यंत्रातून तोंड बाहेर काढलं.

"बेन, मध्येच उठायचं नाही," यंत्रावरची मुलगी हिंदीत म्हणाली. "दिवा लागला नव्हता. मुद्दाम थांबतं ते."

परत पहिल्यापासून करावं लागलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. उजवा डोळा ठीक. डाव्या डोळ्याचं प्रेशर जास्त, आणि एका जागी संशय घेण्यासारखं थोडंसं. "वेळेत आलात," ते म्हणाले. थेंब लिहून दिले आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. बाहेर बाकावर काका बसले होते. मी सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली, आणि स्वतःच्या बाटल्यांपैकी एक खिशातून काढून मला डोळ्यात थेंब घालायची युक्ती दाखवली. खालची पापणी ओढायची, वर बघायचं, थेंब टाकला की डोळ्याचा आतला कोपरा थोडा वेळ दाबून धरायचा.

क्लासला ते परत आले. येताना रिक्षा, जाताना मी सोडते. मॅडमना त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं. त्यावर मॅडमनी त्यांना खिडकीला डोळा लावायचं बंद करायला लावलं. आता ते कॅमेरा ट्रायपॉडवर लावतात, मागचा पडदा उघडतात, आणि मान वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवत त्याचा एकेक भाग तपासतात, ड्रॉइंग तपासावं तसं. वेळ फार लागतो. पोरं पुढं निघून जातात. मी त्यांच्याजवळ थांबते आणि माझाही मोनोपॉड जमिनीवर टेकवून उभी राहते. माझा हात अजून थरथरतो. मॅडम म्हणतात, श्वास सोडताना बटन दाबा. कधी जमतं.

भीती गेली म्हणावं, तर तसं नाही. संध्याकाळी थेंब घालताना रोज वाटतं, काल दिसत होतं तेवढंच आज दिसतंय ना? मी एक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते आणि त्याच्या खालचा दिव्याचा स्विच दिसतो का ते पाहते.

मुलीलाही डोळे तपासून घ्यायला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आई, परीक्षा झाली की जाते."

"परवाच जा," मी म्हटलं.

ती चिडली. पण गेली. रिपोर्टचा फोटो पाठवला, वाकडा आणि हललेला. मी तो मोठा करून एकेक ओळ वाचली आणि मग काकांना पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं. "डोळे उत्तम आहेत. फोटो वाईट. सुट्टीत क्लासला आणा."